विद्येसाठी समुद्रापार

१८४७ साली मामलेदार कचेरीतील गोपाळ भांडारकर नावाच्या कारकुनाची रत्नागिरीच्या महसूल खात्यात बदली झाली, आणि त्या बदलीमुळे मालवणात जन्मलेल्या त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेचा दरवाजा उघडला. सरकारी दफ्तरात अशा बदल्यांची नोंद एका ओळीत आटोपते. या बदलीचा परिणाम मात्र पुढे गॉटिंगेन आणि व्हिएन्नापर्यंत पोहोचला. तो मुलगा म्हणजे रामकृष्ण गोपाळ भांडारकर. ज्या गावी ते शिकले त्याच रत्नागिरीच्या हायस्कुलात पुढे ते हेडमास्तर झाले. १८७४ साली लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेचे निमंत्रण आले तेव्हा त्यांना जाणे जमले नाही म्हणून नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा निबंध तेवढा त्यांनी धाडून दिला. १८८५ साली गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली आणि १८८६ साली व्हिएन्नाच्या परिषदेस ते स्वतः उपस्थित राहिले. विद्वत्तेच्या निमित्ताने समुद्र ओलांडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांची कथा सांगताना, माणसाच्या आधी त्याचा निबंध परदेशी गेला, या गोष्टीपासूनच आरंभ करणे मला योग्य वाटते.

येथे रत्नागिरी जिल्हा म्हणजे १९८१ पूर्वीचा, मंडणगडपासून बांदा-सावंतवाडीपर्यंत पसरलेला अखंड जिल्हा समजावा. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो त्या वर्षीच्या १ मे रोजी. दुसरे एक स्पष्टीकरण आधीच केले पाहिजे. समुद्रोल्लंघनाचा निषेध ही या किनाऱ्यावरील सर्व समाजांची बाब कधीच नव्हती. खारवी, गाबीत, दालदी, भंडारी ही माणसे पिढ्यानुपिढ्या समुद्रावरच जगली. चिपळूण-खेडकडील कोकणी मुसलमान आगबोटींवर नोकऱ्या करीत केपटाऊनपर्यंत पोहोचले आणि तेथे घरे करून राहिले. निषेध होता तो ज्यांच्या घरांत पोथ्या होत्या त्यांच्यापुरता, आणि नेमक्या त्याच घरांतून इंग्रजी शाळांत जाणारी पहिली पिढी निघत होती, म्हणून तो प्रश्न एवढा गाजला. बौधायनाने समुद्रसंयान हे पतनीय कर्मांत गणले असले, तरी उत्तरेकडील लोकांचा तो एक आचार असल्याचेही त्याच सूत्रग्रंथात नमूद आहे. पुढे कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या कृत्यांच्या, प्रकरणात समुद्रयात्रेला स्थान मिळाले आणि परतणाऱ्याला प्रायश्चित्त सांगण्यात आले. या सर्व वचनांचा साक्षेपी इतिहास ज्यांनी लिहिला ते महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हेही याच जिल्ह्याचे. १८८० साली चिपळूणजवळ परशुराम-पेढे येथे त्यांचा जन्म झाला, दापोलीच्या मिशन शाळेत ते शिकले, आणि उमेदीची काही वर्षे रत्नागिरीच्या हायस्कुलात शिक्षक होते. कलिवर्ज्याची चिकित्सा करणारा हा पंडित १९४८ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेस गेला तेव्हा त्याचे वय अडुसष्ट होते, आणि तोवर तो निषेध व्यवहारात संपुष्टात आला होता.

तो संपुष्टात आणण्यात दापोली तालुक्यातील एका मुलाचा वाटा मोठा होता. आंजर्ल्याजवळच्या मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नात्यातले. मुरुडच्या शाळेतील शिक्षण झाल्यावर कर्व्यांनी त्यांना मुंबईस आणले. त्या काळी दापोली भागातून मुंबईस जायचे म्हणजे हर्णै बंदरावर आगबोटीची वाट पाहायची, धक्का नसल्यामुळे होडीतून बोटीपर्यंत जायचे, आणि पावसाळ्याचे चार महिने बंदरच बंद म्हणून घाटवाटांनी पायपीट करायची. केंब्रिजचा प्रवास मुलाला कठीण वाटेल असे आज आपण समजतो. हर्णैच्या किनाऱ्यावर होडीत पाऊल टाकण्याची वेळ ज्याच्यावर लहानपणीच आली, त्याच्या दृष्टीने मुंबईपुढचा प्रवास तुलनेने सोपा असावा असे मला पुष्कळदा वाटते.

फर्ग्युसन कॉलेजातून बी.एस्सी.ला मुंबई विद्यापीठात पहिले येऊन, हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून, १८९६ साली परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांची गुणानुक्रमे यादी विद्यापीठाच्या सिनेट हाउसमध्ये जाहीर रीतीने वाचली जाई. त्या यादीत प्रथम येणारा तो सीनियर रँग्लर. १८९९ साली हा मान बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने परांजपे यांना मिळाला, आणि हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी ठरले. प्लेगने आणि दुष्काळाने गांजलेल्या, आणि दोन वर्षांपूर्वी रँडच्या खुनानंतर सरकारच्या संशयाखाली आलेल्या पुणे प्रांतात या वार्तेने जो उत्साह संचारला असेल त्याची कल्पना आज करता येणार नाही. ‘रँग्लर’ हा शब्द मराठीत एका आडनावाला कायमचा चिकटला, तो त्या वर्षापासून.

परंतु माझ्या दृष्टीने खरे महत्त्वाचे आहे ते १८९९ नंतरचे पर्व. परीक्षेचा मान मिळाल्यावर परांजपे लगेच परत आले नाहीत. सेंट जॉन्सची फेलोशिप त्यांना मिळाली आणि पॅरिस व गॉटिंगेन या त्या वेळच्या गणिताच्या राजधान्यांत राहून तेथील आचार्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. पदवी झाली आहे, स्वतंत्र आसन मिळालेले नाही, आणि मधली दोन-तीन वर्षे दुसऱ्या देशातील गुरूच्या सान्निध्यात काढायची, ही जी अवस्था आजच्या शास्त्रज्ञांच्या बोलण्यात ‘पोस्टडॉक’ या नावाने रूढ आहे, तिचे आपल्या जिल्ह्यातील पहिले उदाहरण मला येथे दिसते. आणि या अवस्थेतही परांजप्यांच्या मनात अनिश्चितता नव्हती, कारण डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होण्याचे त्यांनी कबूल केले होते. सरकारी शिक्षणखात्यातील वेतनाच्या मानाने अत्यल्प अशा वेतनावर ते फर्ग्युसनमध्ये आले आणि १९०२ पासून सुमारे दोन तपे त्यांनी प्राचार्यपद सांभाळले. गणितातील मौलिक संशोधन मात्र त्यांच्या हातून फारसे झाले नाही. कॉलेजचा कारभार, कायदेकौन्सिल, १९२१ नंतरचे शिक्षणमंत्रिपद यांत ते गुंतले. त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्याय्य होईल, कारण त्या काळी पुण्यात गणिताच्या संशोधकाला बसायला स्वतंत्र संशोधनसंस्थाच नव्हती. परतणाऱ्याला आसन होते, पण ते अध्यापकाचे होते.

दुसऱ्या एका गृहस्थाला तेही मिळाले नाही. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर दापोलीच्या कॅम्पात, पेन्शनरांच्या वस्तीत काही काळ राहिले, आणि बाबासाहेबांच्या बालपणातील थोडी वर्षे तेथे गेली. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, त्या बदल्यात बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करारनामा लिहून घेण्यात आला, आणि १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ साली हिंदुस्थानातील जातींच्या उत्पत्तीवर त्यांनी वाचलेला निबंध समाजशास्त्रात आजही अभ्यासला जातो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये काम नुकतेच मार्गी लागत असता शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. सामान घेऊन येणारी आगबोट महायुद्धात पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली आणि तिच्याबरोबर त्यांची पुस्तके व कागदपत्रे गेली.

करारनामा मोडू नये म्हणून ते बडोद्यास हजर झाले. कोलंबियाचा हा पदवीधर त्या शहरात राहायला जागा शोधीत फिरला, नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत उतरला, आणि ओळख पटल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्याला तेथून हुसकावून लावले. नोकरी होती, हुद्दा होता, महाराजांचा शब्द होता. पण रात्री पाठ टेकायला चार भिंती मिळाल्या नाहीत म्हणून तो करार निष्फळ झाला. पुढे सिडनहॅम कॉलेजातील पगारातून केलेली बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी.एस्सी. मिळाली. परदेशी शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शिष्यवृत्ती देणाऱ्यांची नावे आदराने घेतो, ती घेतलीच पाहिजेत. पण जाण्याची तरतूद कोणी केली याच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, परतल्यावर जागा कोणी दिली हा प्रश्न निर्णायक असतो. या जिल्ह्याच्या अनुभवातून मला जे एक सांगायचे आहे ते एवढेच, आणि ज्याची कथा आता सांगणार आहे त्या शास्त्रज्ञाइतके त्याचे स्पष्ट प्रत्यंतर दुसऱ्या कोणाच्या चरित्रात मला आढळलेले नाही.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवणात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून जीवशास्त्राचे शिक्षण घेऊन ते तेथेच अध्यापक झाले, आणि सुटीच्या दिवसांत सह्याद्रीत हिंडून वनस्पती व प्राणी गोळा करू लागले. सातारा जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळली. अशी जेलीफिश त्यापूर्वी आफ्रिकेतील सरोवरांतून ज्ञात होती; तिचा एक सोयरा कृष्णेच्या उपनद्यांत सापडावा ही प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मोठीच घटना होती. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील अ‍ॅनन्डेल यांनी १९११ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या गावच्या माणसांना समुद्रातील जेलीफिश जाळ्यात नको असताना सापडते, त्या मालवणच्या मुलाने तिची बहीण डोंगरातील डोहात ओळखावी, यात मला मोठा योग दिसतो.

त्याच सुमारास कलकत्त्यास एक विलक्षण गोष्ट घडत होती. कायदेपंडित सर रासबिहारी घोष यांनी १९१३ साली विद्यापीठाला दहा लक्ष रुपयांचे दान दिले आणि त्यातून विज्ञानाची अध्यासने निर्माण झाली. कुलगुरू आशुतोष मुकर्जी यांनी त्या अध्यासनांवर माणसे नेमताना आधी आसन देऊन मग परदेशी पाठवण्याची पद्धत पत्करली. वनस्पतिशास्त्राचे अध्यासन आघारकरांना मिळाले, पदार्थविज्ञानाच्या विभागातून देवेंद्रमोहन बोस गेले, आणि दोघेही १९१४ साली बर्लिनला पोहोचले. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून त्यांच्यावर शत्रूराष्ट्राच्या नागरिकाची बंधने आली, आघारकरांना काही काळ स्थानबद्धतेतही काढावा लागला, आणि दोन वर्षांसाठी गेलेला माणूस युद्ध संपेपर्यंत अडकून पडला.

त्या काळात त्यांनी जे काम केले त्याचा विषय पाहावा. अडोल्फ एंग्लर हे त्या वेळी वनस्पतींच्या भौगोलिक वाटणीचे युरोपातील अग्रगण्य आचार्य होते, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली आघारकरांनी वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष व क्षारयुक्त जमिनीवरील वनस्पतींची बीजे कशी पसरतात, कोणती वाऱ्यावर उडतात, कोणती जनावरांच्या अंगाला चिकटून जातात, आणि त्या वनस्पती मुळात कोणत्या प्रदेशातून आल्या असाव्यात याचा शोध घेतला. घरी जाण्याची परवानगी नसलेला एक कोकणी माणूस बर्लिनच्या वनस्पतिसंग्रहालयातील वाळलेल्या नमुन्यांवरून राजपुताना-सिंधच्या वाळवंटातील बियांचे मार्ग शोधीत बसला होता. १९२० साली तो प्रबंध एंग्लर यांच्या वार्षिकात जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

आणि त्याच वर्षी आघारकर परतले तेव्हा कलकत्त्याचे अध्यासन त्यांच्यासाठी तसेच राखलेले होते. सहा वर्षे रिकामी राहिलेली खुर्ची कोणा दुसऱ्याच्या नावे करण्याचा विचार कोणत्याही सामान्य कारभाऱ्याने केला असता. तो केला गेला नाही, याचे श्रेय आशुतोषांच्या कारभाराला निःसंशय दिले पाहिजे. १९४६ पर्यंत आघारकरांनी तेथे अध्यापन आणि संशोधन केले, आणि निवृत्त होताच पुण्यास येऊन, इतरांच्या साहाय्याने, त्याच वर्षी ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था उभारली. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकारांनी १८७६ साली काढलेल्या संस्थेचे नावच त्यांनी महाराष्ट्रासाठी घेतले. १९६० साली मृत्यू येईपर्यंत ते तिचे संचालक होते. १९९२ साली तिला आघारकर संशोधन संस्था हे नाव मिळाले. परांजप्यांना १९०२ साली पुण्यात जी जागा मिळाली नाही ती जागा स्वतः निर्माण करून दुसऱ्यांच्या हवाली करणारा हा मालवणचा माणूस जिल्ह्याच्या शाळांतून मुलांना जितका ठाऊक असावयास हवा तितका नाही, हे मी दुःखाने लिहितो.

पुढच्या काळातील माणसे अनेक आहेत. त्यांतील कर्वे कुटुंबाचाच काय तो उल्लेख करतो. मुरुडचे रघुनाथ धोंडो कर्वे गणिताच्या उच्च अभ्यासासाठी पॅरिसला गेले आणि परत येऊन संततिनियमनाच्या प्रचाराला लागले, त्यापायी त्यांना प्राध्यापकी गमवावी लागली. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांच्या धाकट्या भावाची, दिनकररावांची पत्नी इरावती १९२८ साली बर्लिनला कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत गेल्या, तेव्हा स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेले सासरे महर्षी कर्वे मात्र त्या जाण्याच्या विरोधात होते. खर्चासाठी जीवराज मेहतांनी कर्ज दिले. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर यांना कवट्यांच्या मोजमापांतून युरोपियांचे श्रेष्ठत्व दाखवून हवे होते; इरावतीबाईंनी मोजमापे प्रामाणिकपणे केली आणि तसा भेद दिसत नाही असाच निष्कर्ष प्रबंधात मांडला. गुरूच्या संस्थेत, गुरूच्या मताविरुद्ध, परक्या भाषेत असे लिहिण्यास जे धैर्य लागते ते शिष्यवृत्तीच्या अर्जात कोणत्याही रकान्यात नोंदवता येत नाही.

आजच्या तरुणांपुढील मार्ग पुष्कळ अधिक आहेत आणि त्यांची यादी येथे देण्याचे कारण नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ साली स्थापलेला निधी अजूनही कर्जरूपाने मदत करतो. जर्मनीतील हुम्बोल्ट प्रतिष्ठान १९५३ पासून पुन्हा कार्यरत आहे. स्ट्रासबुर्गच्या ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची वृत्ती, युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी वृत्ती, आणि २०१६ पासून भारत सहयोगी सदस्य झाल्यावर अधिक खुली झालेली एम्बो या संस्थेची वृत्ती, हे सगळे पीएच.डी. झालेल्या जीवशास्त्रज्ञासाठी आहे. प्रत्येकीच्या अटी निराळ्या. क्यूरी वृत्तीला अर्जदार मागील ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक राहिलेला नसावा लागतो. ह्यूमन फ्रंटियरची वृत्ती आपल्या जुन्या विषयापासून खऱ्या अर्थाने दूर जाण्याची तयारी असलेल्यालाच मिळते. ही दुसरी अट प्रणाली जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास विशेष अनुकूल आहे.

ते कसे, याचा थोडा खुलासा करतो. एकेक जनुक, एकेक प्रथिन वेगळे काढून तपासण्याची पद्धत विसाव्या शतकात फार फलदायी ठरली. पण पेशीत हजारो रेणू एकाच वेळी परस्परांना चालना देत आणि आवर घालीत असतात, त्यांचे एकत्रित वर्तन मोजून त्याची समीकरणे मांडली पाहिजेत, हा प्रणाली जीवशास्त्राचा विचार बळावला आणि २००० साली लेरॉय हूड यांनी सिअ‍ॅटलला या विषयाला वाहिलेली संस्था काढली. जपानात हिरोआकी कितानो याच दिशेने झटत होते. येथे गणिती, संगणकतज्ज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एकाच टेबलाशी बसतात. परांजप्यांचे केंब्रिज आणि आघारकरांचे बर्लिन यांची सोयरीक ज्या विद्येत झाली ती ही विद्या, असे रत्नागिरीच्या माणसाने म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

परतणाऱ्यांच्या जागेचा प्रश्न अजूनही आहे, पण तो पूर्वीसारखा एका आशुतोषाच्या मर्जीवर अवलंबून नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने रामलिंगस्वामी यांच्या नावे पुनरागमन वृत्ती सुरू केली, २००८ साली वेलकम ट्रस्टच्या भागीदारीत दुसरी योजना उभी राहिली, आणि २००६ साली पुण्यात आयसर स्थापन झाले. जिल्ह्यापुरते बोलायचे तर दापोलीस १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे आणि रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. या दोन्ही ठिकाणी काम करण्यासारखे प्रश्न संपलेले नाहीत, आणि त्यांतला एक तर प्रत्येक बागायतदाराच्या घरात दर मे महिन्यात बोलला जातो.

हापूसचे फळ बाहेरून निर्दोष असते. साल केशरी, देठाजवळ खांदे उभारलेले, वास खोलीभर. सुरीने कापले की कोयीलगतचा गर पांढुरका, भुसभुशीत, आंबट निघतो, त्याला आपल्याकडे साका म्हणतात. पेटीतल्या कोणत्या फळात साका निघेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून निर्यातदाराचा सगळा माल संशयात येतो. तापलेल्या जमिनीची उष्णता फळात शिरते हे एक कारण सांगितले गेले. फळ झाडावर असतानाच आतील बी रुजण्याची तयारी करू लागते आणि गरातील साठा ओढून घेते असा दुसरा पक्ष आहे. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही साकारहित जात दिली, पण हापूसची मागणी हापूसलाच आहे. उष्णता, बीज, कॅल्शियम, संप्रेरके आणि पिकण्याची शेकडो जनुके यांतील कोणते आधी हालते आणि कोणते मागाहून, हे एकेक कारण सुटे धरून आजवर उलगडलेले नाही. सिअ‍ॅटल किंवा हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे काढून, तेथे यीस्टच्या पेशीवर शिकलेली समीकरणे घेऊन परतणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दापोलीत एक प्रयोगशाळा, एक संगणक आणि दहा वर्षांची मुदत मिळाली, तर साक्याचा उलगडा याच जिल्ह्यात व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे; आणि ती प्रयोगशाळा माणूस परदेशी जाण्याच्या आधी त्याच्या नावे लिहून ठेवण्याची रीत कलकत्त्याने १९१४ साली घालून दिलेली आहे.